चेटकीण पाहिजे

2009 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात नोकरीची एक जाहिरात निघाली. पद : चेटकीण. पगार वर्षाला 50 हजार पौंड, पण जितके दिवस काम तितक्याच दिवसांचा. विकट हसता आलं पाहिजे, मांजरांची ॲलर्जी असता कामा नये. आधीच्या चेटकीणबाई निवृत्त झाल्याने जागा रिकामी होती. नोकरी देताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही असा तिथला कायदा, त्यामुळे पुरुषांनाही अर्ज करायला मोकळीक होती. मंदीचं वर्ष होतं. हजारोंनी अर्ज केले, शेकडो जण टोकदार टोप्या आणि काळे झगे घालून निवडीला हजर झाले, आणि जागा मिळाली घरांच्या दलालीच्या धंद्यातून आलेल्या एका बाईंना.

ही नोकरी ज्या गुहेत होती तिचं नाव वूकी होल. वेल्स या चिमुकल्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर, मेंडिप टेकड्यांच्या दक्षिण उतारावर, एका कड्याच्या पोटातून ॲक्स नदी बाहेर पडते. ती जिथून येते तीच ही गुहा. माझा धाकटा भाऊ ब्रिस्टलला राहतो, तिथून मोटारीने साधारण तासाचा रस्ता.

2024 साली नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. तिकडच्या शाळांना त्या आठवड्यात सुट्टी असते. पहाटे सगळ्यांच्या उटणं लावून अंघोळी झाल्या. कारीट कुठून मिळणार? आईने दारात एक चेरी टोमॅटो ठेवला आणि नातवंडांकडून तो अंगठ्याखाली फोडवून घेतला. नरकासुराची बोळवण तेवढ्यावर झाली. मग भाचीने टोकदार टोपी चढवली, भाच्याने ‘मी काही लहान नाही’ म्हणून नकार दिला, भावजयीने चिवडा-चकलीचे डबे पिशवीत भरले, आणि आम्ही चेटकिणीकडे निघालो.

अभिरुचीवाल्या माणसाने नाक मुरडावं असं वूकी होलला पुष्कळ आहे. गुहेच्या आधी आणि गुहेच्या नंतर एक अख्खी जत्रा भरलेली असते : फायबरचे डायनोसोर, आरशांचा भूलभुलैया, जुन्या काळची नाण्यांवर चालणारी खेळयंत्रं, सर्कस. हॅलोवीनमुळे त्या दिवशी रांगेतली निम्मी माणसं भुतं होती. आमच्यापुढे एक सांगाडा बाळाची बाबागाडी ढकलत होता आणि मधूनच थांबून बाळाला केळं भरवत होता.

ही जत्रा आली कशी, याची गोष्ट गुहेइतकीच नागमोडी आहे. नदीच्या पाण्यावर इथे 1610 पासून कागदाची गिरणी चालत आली. एकोणिसाव्या शतकात ती हॉजकिन्सन घराण्याकडे आली. हातकागदासाठी तिचं नाव झालं. त्याच घराण्यातल्या कॅप्टन हॉजकिन्सनने 1927 मध्ये गुहेत विजेचे दिवे लावले आणि तिकीट लावून ती लोकांना खुली केली. 1973 मध्ये मेणाच्या पुतळ्यांच्या मादाम तुसाँ कंपनीने सगळंच विकत घेतलं. लंडनच्या प्रदर्शनातून ज्यांची सद्दी संपली अशा थोरामोठ्यांची मेणाची मुंडकी तेव्हा इथे फडताळांवर ओळीने मांडून ठेवलेली असत. भीती दाखवायला यापेक्षा वेगळं काही लागत नव्हतं. 2003 मध्ये जागा आली गेरी कॉटल नावाच्या सर्कसवाल्याकडे. त्याच्याच कारकिर्दीत इथे टेडी अस्वलांचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यातल्या ‘मेबल’ या अस्वलाची मालकी एके काळी एल्विस प्रेस्लीची. 2006 च्या ऑगस्टमधल्या एका रात्री राखणीच्या डोबरमॅन कुत्र्याला अचानक काय झालं कोणास ठाऊक. चोर आला नाही, पण कुत्र्याने मेबलचं डोकं उडवलं आणि इतर कितीतरी अस्वलांचा फडशा पाडला. ही बातमी जगभर छापून आली.

आणि मग दरवाजातून आत गेलं की हे सगळं एकदम बंद होतं.

आत तापमान 11 अंश, बारा महिने तेवढंच. बाहेर थंडी होती, तरी आईने शाल घट्ट केली, कारण आतला गारवा ओला असतो, कपड्यांतून शिरतो. वाट उतरते, छत खाली येतं, भिंतींवर पाण्याचा तवंग चमकतो. नदीचा आवाज आधी येतो, नदी नंतर दिसते. ती वाहताना जवळजवळ दिसतच नाही. हिरवट निळं पाणी आरशासारखं निवांत पडलेलं असतं, आणि तळ इतका स्पष्ट की खोली किती याचा अंदाज चुकतो.

आपल्याला अशी गुहा अपरिचित आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला डोंगरातली पोकळी म्हटलं की कार्ले, अजिंठा, घारापुरी आठवते, म्हणजे छेनी-हातोडा आणि त्यामागचा माणूस. सह्याद्रीचा काळा पाषाण, बेसाल्ट, पाण्यात विरघळत नाही. त्यात पोकळी हवी तर माणसाने खोदावी लागते. मेंडिपच्या टेकड्या चुनखडीच्या. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडी हळूहळू खात जातं. प्रिडी गावाजवळच्या माळावर ओढे जमिनीत गडप होतात आणि मैलोन्‌मैल अंधारातून हिंडून इथे एकत्र बाहेर येतात. वाटेत त्यांनी जे खाल्लं ती ही गुहा. प्रवेशाजवळची दालनं तेवढी साध्या चुनखडीची नाहीत. चुनखडीचेच तुकडे पुन्हा जुळून झालेल्या खडबडीत दगडाची आहेत. म्हणूनच भिंतीत गोटे रोवल्यासारखे दिसतात.

पहिल्या दालनाचं नाव चेटकिणीचं स्वयंपाकघर. नदीच्या काठावर एक काळा दगड उभा आहे, एका बाजूने प्रकाश सोडला की बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी दिसते. हीच वूकीची चेटकीण. विल्यम वुर्स्टर नावाचा प्रवासी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे येऊन गेला, त्याच्या टिपणांतही बाईच्या आकाराच्या या दगडाची नोंद आहे. म्हणजे दिवे लावणाऱ्यांनी नाक शोधून काढलं असेल, पण बाई त्यांच्याही आधीची.

गोष्ट अशी सांगतात. गुहेत एक बाई शेळ्या घेऊन एकटी राहायची. गावात काही वाईट झालं, दूध नासलं, पीक बुडालं, की ते तिच्या नावावर. ग्लॅस्टनबरीच्या एका तरुणाचं वूकीच्या मुलीशी ठरलेलं लग्न तिने शापाने मोडलं. तरुणाने संसार सोडला, मठात गेला, साधू झाला आणि बऱ्याच वर्षांनी हिशेब चुकता करायला गुहेत उतरला. ती अंधारात नदीकाठी लपली. साधूने नदीचं पाणी मंत्रून अंधारात चहूकडे शिंपडलं. एक थेंब तिच्यावर पडला आणि ती जागच्या जागी दगड झाली.

भाची माझ्या हाताला घट्ट धरून होती. भाचा तोंडाने ‘हे काय खरं नाही’ म्हणत होता आणि पायाने माझ्या जवळ सरकत होता. आईने मात्र वेगळाच प्रश्न काढला.

“सगळं गाव तिला भीत होतं ना? मग तिच्या शेळ्यांचं दूध कोण घेत होतं?”

भावाने गंमत म्हणून हसून सोडून दिलं. पण मला तो प्रश्न पुढे दिवसभर पुरला. एकट्या बाईच्या दुभत्या शेळ्यांवर गाव जगत असेल, आणि तिचं देणं थकलं की ती चेटकीण होत असेल, असा तर्क मी मनातल्या मनात करत राहिले. पुरावा काहीच नव्हता. दगड मात्र ऐकून घेत नव्हता, आणि दिवे फिरवणाऱ्यांना घाई होती. मागची टोळी दारात येऊन ठेपली होती.

पुराव्याचं म्हणाल तर तो वेल्सच्या संग्रहालयात आहे. हर्बर्ट बाल्च नावाचा माणूस वेल्सच्या टपाल कार्यालयात नोकरीला होता, पुढे तिथला पोस्टमास्तर झाला. नोकरी सांभाळून त्याने आयुष्यभर मेंडिपच्या गुहा पालथ्या घातल्या, आणि वेल्सचं संग्रहालयही त्यानेच उभं केलं. 1912 मध्ये वूकी होलच्या तोंडाशी खोदताना त्याला एक मानवी सांगाडा मिळाला, साधारण हजार वर्षांपूर्वीचा. जवळच शेळी आणि करडाची हाडं, दुधाचं भांडं, सुरी, कंगवा आणि लवणस्तंभाच्या दगडाचा घासून गुळगुळीत केलेला एक गोळा. दूध, शेळ्या आणि चकाकता गोळा! चेटकीण सापडली, असं सगळे धरून चालले नसते तरच नवल. काचेच्या पेटीत तिला मानाची जागा मिळाली. 2004 मध्ये गुहेच्या मालकांनी ती परत मागितली आणि वेल्सने द्यायला नकार दिला. चेटकिणीवर हक्क कोणाचा, यावर वर्तमानपत्रं रंगली.

हाडं तपासणाऱ्यांचं म्हणणं असं की तो सांगाडा पंचवीस ते पस्तीस वर्षांच्या पुरुषाचा आहे.

म्हणजे जाहिरातीत पुरुषांना मोकळीक होती ती कायद्यामुळे असली तरी इतिहासालाही धरूनच होती. हा माणूस कोण? बहुधा शेळ्या राखणारा. गुहेच्या उबेला राहिला असेल, आजारात किंवा दरडीखाली गेला असेल. त्याच्याबद्दल एकही दंतकथा नाही. एकट्या शेळ्या राखणाऱ्या पुरुषाची गोष्ट करावी असं कोणाला वाटलं नाही. ती बाई झाली तेव्हाच गोष्ट चालली.

इथे गंमत थांबते, कारण त्या भागात चेटकीण हा शब्द नेहमीच गमतीचा नव्हता. सॉमरसेटमध्येच 1660 च्या दशकात रॉबर्ट हंट नावाचा न्यायदंडाधिकारी गावोगावच्या बायकांच्या जबान्या घेत होता. शेजारच्या डेव्हन परगण्यात बिडेफर्ड गावच्या टेम्परन्स लॉइड, सुझॅना एडवर्ड्स आणि मेरी ट्रेम्बल्स या तिघींना 1682 मध्ये एक्सेटरला फाशी दिलं. तिघी गरीब, भीक मागून पोट भरणाऱ्या. एका घरातली बाई आजारी पडली, खिडकीशी एक पक्षी फडफडला, करड्या रंगाचं मांजर दिसलं; एवढ्यावर खटला उभा राहिला. 2009 च्या जाहिरातीतलं मांजर विनोदाचं. 1682 मध्ये ते साक्षीपुराव्यात होतं. पुढे 1735 च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच राहिला नाही. उलट आपल्याला चेटूक येतं असं सांगून लोकांना फसवणं हा गुन्हा झाला. मग हळूहळू, दोन-अडीचशे वर्षांत, चेटकीण मुलांच्या गोष्टीत गेली, तिथून चॉकलेटच्या वेष्टनावर, आणि शेवटी पगारपत्रकावर.

आपल्याकडे ती तिथवर पोचलेली नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवर, बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याचे, गावाबाहेर काढल्याचे, जीव घेतल्याचे गुन्हे आपल्या काळात नोंदले गेले आहेत. क्रमही ओळखीचा : घरात दुखणं, भगताकडे खेप, भगताचं बोट एका नावाकडे. ते नाव बहुतेक वेळा विधवेचं किंवा एकटीचं, आणि खोलात गेलं तर पुष्कळदा जमिनीचा तुकडा निघतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. 20 ऑगस्ट 2013 ला समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. वूकी होलच्या दुकानात पिसाच्या झाडू आणि रबरी नाकं टांगलेली बघताना हे सगळं आठवणं जरा अरसिकपणाचं वाटलं. पण आईच्या दुधाच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच बाजूला दिसत होतं. घाबरणारं गाव एकीकडे तिचं दूध पीत राहतं आणि दुसरीकडे तिला गावाबाहेर ठेवतं. यात विसंगती काहीच नाही, व्यवहार आहे. सॉमरसेटने निदान एवढं केलं की त्या भीतीचे पैसे आता तिलाच मिळू लागले.

पुढची दालनं पाहायची तर मधला डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून जावं लागतं. नैसर्गिक वाट पाण्याखालून जाते. 1974-75 मध्ये हा बोगदा काढला तेव्हा सातवं, आठवं, नववं दालन सामान्य माणसाला दिसलं. 2015 मध्ये आणखी एक बोगदा थेट विसाव्या दालनापर्यंत नेला. एका बाजूच्या भुयारात फळ्यांवर चीजचे गोल रचून ठेवलेले असतात. सम तापमान आणि दमट हवा, चेडर चीज मुरायला दोन्ही चांगलं. गंध जबरदस्त. सगळ्या गुहेत आमच्या भाचीला खरी भीती वाटली ती इथे. तिने नाक दाबलं ते बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

दालनांना आकडे दिले पाणबुड्यांनी, आणि माझ्या मते वूकी होलची खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट तीच आहे, जिच्यासाठी कोणी टोपी घालत नाही. 1935 मध्ये ग्रॅहम बाल्कम आणि त्याच्या सोबत्यांनी सीबे गॉर्मन कंपनीकडून समुद्रातल्या कामाचे पोशाख मिळवले. पितळी शिरस्त्राण, शिशाचे बूट, हवेची नळी आणि काठावर पंप मारणारी माणसं. पोहायचं नाही, तळावरून चालायचं, बुटांनी गाळ उठला की डोळ्यांपुढे काही नाही. त्या सोबत्यांत पेनेलोपी पॉवेल ही बाईही होती. बाल्कमच्या बरोबरीने ती सातव्या दालनापर्यंत चालत गेली. ती चेटकिणीच्या गुहेतच पाण्यात शिरत होती आणि परत येत होती, तरी गुहेच्या पाटीवर तिचं नाव चेटकिणीपेक्षा बारीक अक्षरात आहे, ही माझी वैयक्तिक तक्रार. युद्धानंतर 1946 मध्ये बाल्कमने गुहेत बुडी मारणाऱ्यांची संघटना काढली. 1949 मध्ये गॉर्डन मॅरियट याच पाण्यात मेला. ब्रिटनमध्ये गुहेत बुडी मारताना गेलेला तो पहिला बळी.

पंचविसाव्या दालनापुढे पाणी सरळ खाली जातं. 2000 नंतरच्या दशकात रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन तिथे 90 मीटरपर्यंत उतरले आणि वाट अरुंद झाली म्हणून परतले. पहिला कोव्हेंट्रीकडचा अग्निशमन दलातला, दुसरा ब्रिस्टलचा, संगणकाच्या धंद्यातला. शनिवार-रविवार ते असल्या गार, गढूळ, कोणी न पाहिलेल्या पाण्यात घालवायचे. या छंदाचा जगाला काय उपयोग, असं कोणीही विचारलं असतं. मग 23 जून 2018 ला थायलंडमध्ये 12 मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक थाम लुआंग गुहेत पुराने अडकले. 2 जुलैला पाण्यातून डोकं वर काढून त्या मुलांना पहिल्यांदा पाहणारे हेच दोघे.

हे मी पाणबुड्यांच्या प्रदर्शनापाशी मुलांना सांगत होते. पितळी शिरस्त्राणासमोर भाचा पहिल्यांदाच गप्प उभा होता. तेवढ्यात आई म्हणाली, “आणि वाडीचे पंप?”

आईचं माहेर कुंडलचं. वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी, औंध संस्थानातल्या माळावर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली. थायलंडच्या बचावकार्यात गुहेतलं पाणी उपसायचा सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते, त्यांत सांगलीकडचे एक अभियंता होते. पाणी उपसणारे चार मोठे पंप वाडीच्या कारखान्यात विमानाने पाठवायला सज्ज ठेवले होते. त्या आठवड्यात आमच्या मामांचे फोन थांबत नव्हते, जणू ते स्वतःच पंप मारत होते. ब्रिस्टलचा पाणबुड्या आणि कुंडलच्या शेजारच्या कारखान्याचे तज्ज्ञ एकाच गुहेच्या कामाला आले होते, हे मुलांना बापाने कधी सांगितलंच नव्हतं. भावाचं म्हणणं, “मला वाटलं त्यांना काय इंटरेस्ट असणार!”

इंटरेस्ट भलताच निघाला. चेटकीण मागे पडली. पंप केवढा असतो, तासाला किती पाणी काढतो, आजीने तो चालताना पाहिलाय का, असे प्रश्न सुरू झाले. आजीने पाहिला होता, उसाच्या मळ्यात. त्याच्या आवाजाची नक्कलही तिने तिथल्या तिथे करून दाखवली. रांगेतल्या एका सांगाड्याने वळून पाहिलं.

शेवटी भाच्याने तिथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला गाठलं. पंचविसाव्या दालनापुढचं पाणी पंप लावून काढून का टाकत नाही? मग कोणाला बुडी मारायलाच नको. कर्मचाऱ्याने शांतपणे समजावलं की ही नदी आहे, वरच्या टेकड्यांवर पडणारं पाणी सतत येतच राहणार. तू काढशील तेवढं परत भरेल.

भाचा विचारात पडला. मग आईकडे वळून त्याने मराठीत विचारलं, “आजी, वाडीला सगळ्यात मोठा कितीचा मिळतो?”